मारुती ८००चं टॅपेट कव्हर पॅकिंग आणि प्लग वायर: घरी बदलून पाहिले, त्याचे मार्क

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, पॅकिंग म्हणजे त्याच्या कडेने तेल अडवणारं सील, आणि प्लग वायर म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीची वीज नेणाऱ्या तारा. पॅकिंगला २० पैकी १९. प्लग वायरच्या पहिल्या सेटला ४, दुसऱ्याला १७. दुकानाला किती द्यायचे यावर घरात अजून एकमत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, मार्क दिल्याशिवाय मला राहवत नाही.

गाडी बाबांची. १९९८ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, एमएच-३१ म्हणजे नागपूर पासिंग. बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हापासून दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन नोंदणी वाढवून आणतात. २०१३, २०१८, २०२३ अशा तीन खेपा झाल्या. विकायचं नाव काढलं की ताटावरून उठतात.

मागच्या पावसाळ्यापासून दोन तक्रारी होत्या. इंजिनावर तेलाचा ओघळ आणि सिग्नलला थांबलं की जळक्या तेलाचा वास. दुसरी म्हणजे दमट हवेत मिसिंग, एखाद्या सिलिंडरमध्ये मधूनच ठिणगी न पडणं. ८००ला सिलिंडर तीनच, त्यातला एक रुसला की गाडी अशी थरथरते की आरशात मागचं काही दिसत नाही. ओळखीच्या गॅरेजवाल्याने अठराशे रुपये सांगितले, वर "दोन दिवस ठेवा लागन गाडी." उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, म्हटलं आपणच करू.

आधी खात्री केली. रात्री पोर्चमधला दिवा बंद केला, इंजिन चालू ठेवलं आणि झाडांवर फवारायच्या बाटलीने प्लग वायरवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला. मधल्या वायरवरून निळ्या ठिणग्या चुटचुट करत इंजिनावर उड्या मारताना दिसल्या. दिवसा हे दिसत नाही. करून बघणार असाल तर हात लांब ठेवा, तिथे हजारो व्होल्ट असतात.

सामान नागपूरच्या घाट रोडवरच्या एका दुकानातून आणलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे भांडण आहे. पॅकिंग दोन प्रकारचं मिळत होतं, बुचाचं आणि काळं रबरी. बुचाचं स्वस्त, पण मी होलोग्रामच्या पाकिटातलं मारुतीचं जेन्युइन रबरी घेतलं, १४० रुपयांना. वायरच्या बाबतीत मात्र माझीच अक्कल गहाण पडली. दुकानदार म्हणाला, "हे घेऊन जा न ताई, सगळे हेच नेऊन राहिले," आणि मी २२० रुपयांचा, पाकिटावर धड नावही नसलेला सेट उचलला. तीन वायर प्लगच्या, एक कॉइलची (कॉइल म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग).

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता, म्हणून पहाटे साडेपाचला सुरुवात केली. दहा वाजता नागपुरात बोनेटला हात लावून दाखवा. इंजिन रात्रभर थंड झालेलं होतं, ते हवंच. बाबा कूलरसमोर खुर्ची टाकून सुपरवायझर.

एअर फिल्टरचा डबा आणि टॅपेट कव्हरवरची श्वासनळी काढली की कव्हर मोकळं होतं. दहा नंबरची गोटी, म्हणजे सॉकेट पाना, पुरते. बोल्ट निघाले तरी कव्हर हलेना, कारण जुनं पॅकिंग भाजून चिकटलं होतं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकायचा मोह होतो. घालू नका, हेड ॲल्युमिनियमचं आहे, एक ओरखडा पडला की नवं पॅकिंगही तिथूनच गळणार. लाकडी मुठीने बाजूने दोन ठोके दिले, निघालं. पॅकिंगचे हातात तुकडे झाले, तळायचा राहिलेला पापड जसा. रबर होतं यावर विश्वास बसेना. पंचेचाळीसच्या वर जाणारे उन्हाळे आणि खालून इंजिनाची धग, दुसरं काय होणार?

सगळ्यात वेळखाऊ काम खरवडायचं. जुन्या एटीएम कार्डाने खरवडलं, आतल्या रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर) स्वच्छ फडकं पसरून ठेवलं म्हणजे कपचे तेलात पडत नाहीत, आणि शेवटी दोन्ही कडा कोरड्या करकरीत पुसल्या. तासभर गेला यातच. टॅपेट सेटिंगला, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी जुळवायला, हात लावला नाही. ते फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं काम, आणि माझी हौस तिथपर्यंत पोचत नाही.

नवं पॅकिंग कव्हरच्या खाचेत चपखल बसलं. कुठे ताणावं लागलं नाही, कुठे फुगा आला नाही. एकोणीस मार्क त्याचेच. सीलंट चोपडायची गरज नाही. बोल्ट आलटूनपालटून थोडेथोडे आवळायचे, बोटांनी बसल्यावर जरासाच जोर. बाबांच्या मते, "आवळ वं अजून, काहून भिऊन राहिली?" हे बोल्ट जास्त आवळले तर कव्हर वाकतं आणि पॅकिंग बाहेर येतं, हे मी त्यांना तीनदा समजावलं. कोराडीतल्या टर्बाइनचे बोल्ट वेगळे आणि हे वेगळे.

आणि तरीही दुसऱ्या दिवशी कव्हरवर तेलाचा थेंब!

तो कडेने नव्हे, बोल्टच्या डोक्याखालून येत होता. बोल्टखाली रबरी वॉशर असतात, तेही पॅकिंगइतकेच म्हातारे झालेले. पॅकिंगच्या पाकिटात ते नसतात, वेगळे मागावे लागतात. एक मार्क इथे कापला. खरं तर दुकानदाराने विचारायला हवं होतं, "वॉशर आहेत का?" फुटकळ पैशांची वस्तू, पण तिच्यापायी घाट रोडची एक चक्कर वाढली.

आता वायर. नियम एकच: एक काढायची, तिच्या जागी तिच्याच लांबीची नवी लावायची, मग दुसरीला हात. मी हे बाबांना सांगितलं आणि चहा टाकायला आत गेले. परत आले तर त्यांनी दोन वायर काढून व्यवस्थित पुसून कट्ट्यावर ठेवल्या होत्या. अंदाजाने लावल्या. चावी फिरवली तर गाडी चालू व्हायच्या ऐवजी कार्बोरेटरमधून फट्ट करून आवाज, शेजारचं कुत्रं पळालं. ८००चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळायचा क्रम, १-३-२ आहे, दोन वायरींची अदलाबदल झाली की दोन सिलिंडरना ठिणगी भलत्याच वेळी मिळते. डेल्कोच्या, म्हणजे सिलिंडरना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरून क्रम मोजत पुन्हा लावल्या तेव्हा इंजिन लागलं. वायर काढताना टोकाचं रबरी बूट धरून जरा पिळून ओढायचं, वायर धरून नाही. नाहीतर आतला जोड तुटतो आणि वरून कळतही नाही.

२२०च्या सेटची परीक्षा मी मल्टिमीटरने घेतली. चांगल्या प्लग वायरच्या गाभ्यात कार्बनचा रोध मुद्दाम ठेवलेला असतो, लांबीप्रमाणे काही किलो-ओहम. या वायरींचा रोध जवळपास शून्य, म्हणजे आत साधी तांब्याची तार. गाडी चालली, छान चालली. पण बाबांनी रेडिओ लावला तर आकाशवाणी नागपूरच्या बातम्यांवर तडतड तडतड, ॲक्सिलरेटर दाबला की तडतडही वाढायची. ठिणगीचा गोंगाट रेडिओत शिरू नये म्हणूनच तो रोध असतो. शिवाय तीन नंबरची वायर आखूड, ताणून बसवावी लागली. चार मार्क दिले ते पाकिटात वायर निघाल्या म्हणून.

परत न्यायला गेले तर "लावलेला माल वापस होत नाही." मी मीटर सोबतच नेला होता. काउंटरवरच त्याच्याकडच्या दुसऱ्या सेटवर लावून दाखवला: तिथे ३ पासून ७ किलो-ओहम, इथे शून्य. मागे उभे असलेले दोन मेकॅनिक वाकून बघायला लागले तेव्हा मालक नरमला. पैसे दिले नाहीत, बदलून दिलं, वरचे ३०० रुपये घेऊन. म्हणजे चांगला सेट ५२०चा. लांबी बरोबर, बूट घट्ट, प्रत्येक वायरवर नंबर. तीन मार्क गेले कारण कॉइलकडचं बूट इतकं टाइट की बसवताना अंगठा सोलला. बाबांचं म्हणणं, दुकानदाराने बदलून तर दिलं, दहा तरी दे. माझे पाच.

जुन्या वायरींपैकी मधलीचा मीटरवर काही पत्ताच नव्हता, आत पूर्ण तुटलेली. ती जपून ठेवली आहे. जूनमध्ये नववीला धाराविद्युत शिकवताना कामाला येईल.

सगळा हिशेब वॉशर धरून सातशेच्या आत. वेळ मात्र दोन सकाळी आणि घाट रोडच्या तीन चकरा. नुसतं पॅकिंग बदलायचं असेल आणि घरात गोटीचा सेट असेल तर बिनधास्त करा. डेल्कोच्या बुडाशी तेल दिसत असेल तर ते वेगळं दुखणं आहे, तिथली ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी सील, बदलायला डेल्को काढावा लागतो आणि ठिणगीचं टायमिंग हलतं. ते मेकॅनिककडेच.

बाबा रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवतात आणि सकाळी चष्मा लावून तपासतात. पंधरा दिवस कोरडा आहे. परवा एक काळा डाग सापडला, घरभर आरडाओरडा झाला. तो शेजारच्या काकांच्या स्कूटरचा निघाला.