ललितेतर पुस्तकांचं कपाट: पाडव्यापासूनच्या वापराचा अनुभव

गुढीपाडव्याला हॉलमधल्या शोकेसमधली काचेची भांडी माळ्यावर टाकली आणि तिथे फक्त ललितेतर पुस्तकं लावली. कथा-कादंबऱ्या आतल्या खोलीत गेल्या. आता थंडी सरत आलीये. कोणतं पुस्तक खरंच हातात घेतलं जातं आणि कोणतं नुसतं कणा दाखवत उभं राहतं, हे एव्हाना कळलंय.

सगळ्यात जास्त हाताळलं गेलं ते लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. बाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, त्यामुळे येणारा-जाणारा ‘अरे, हे तर आपल्याकडचं’ म्हणत उचलतो आणि तिथेच बसतो. वडिलांचं टोकाचं सोवळं, 1895 मध्ये नवऱ्यानं, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म, मग दोघांची ताटातूट. एवढं सोसूनही बाई गळा काढत नाहीत, उलट स्वतःचीच फजिती रंगवून सांगतात. आमच्या सासूबाई एरवी आरतीसंग्रहापलीकडे फारशा जात नाहीत, त्यांनी दुपारची झोप सोडून हे संपवलं. याची संक्षिप्त आवृत्तीही मिळते, पण घ्यायचं तर संपूर्णच घ्या. सगळी गंमत बारीकसारीक भांडणांत आणि खोड्यांत आहे.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (1956) एका बैठकीत वाचायला गेलं तर जड जातं. निसर्गावरचे हे लेख मराठी महिन्यांप्रमाणे आहेत. मी ज्या त्या महिन्यात तेवढाच लेख वाचला, आणि मग संध्याकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला फिरताना झाडांकडे मान वर करून बघायची सवय लागली. जाता जाता: आमच्या जिल्ह्यातल्या द्राक्षबागांचं साल एप्रिलच्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपर्यंत वेगळंच फिरतं. त्यावर कुणीतरी असंच निवांत लिहायला हवं.

इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’नं घरात सगळ्यात जास्त वाद लावले. महाभारतातल्या व्यक्तींना त्या देव मानून सोडून देत नाहीत, माणसं म्हणून तपासतात. विदुर हाच धर्मराजाचा बाप असेल का, या एका प्रश्नावर दिवाळीत दीर आणि सासरे असे जुंपले की चिवडा तसाच राहिला. पटो न पटो, पुरावा कसा मांडावा आणि कुठे थांबावं हे या पुस्तकातून शिकण्यासारखं आहे. माझ्या मते संग्रहात एकच ठेवायचं असेल तर हे.

मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ हिवाळ्यात कामाला आला. निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर म्हणजे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. तिथे पाहुणे पक्षी उतरले की आम्ही जातोच. जागेवर पक्षी ओळखायला मात्र कोश उपयोगी नाही, त्यासाठी चित्रांचं वेगळं पुस्तक लागतं. कोश घरी आल्यावर उघडायचा, पाहिलेल्या पक्ष्याचं नाव आणि माहिती शोधायला.

आता न चाललेली. जगाचा इतिहास, अर्थकारण, मेंदू वगैरेंवरचे जाडजूड अनुवाद हौसेनं घेतले होते, ते जवळपास कोरेच आहेत. विषय चांगले, पण मागे सूची नाही. आधी वाचलेला एखादा मुद्दा पुन्हा हवा असेल तर शे-दोनशे पानं चाळायची. कादंबरीला सूची नसली तर चालतं, माहितीच्या पुस्तकाला नसणं म्हणजे दुकान आहे पण पाटी नाही. शिवाय नुसत्या डिंकावर चिकटवलेली बांधणी. एका खंडाची पानं पावसाळ्यातच सुटली. घेताना पुस्तक मधोमध उघडून पाहा, दोरा दिसला तरच पैसे मोजा.

काचेच्या बंद कपाटाचा तोटाही सांगते. श्रावणात आत दमट वास धरला आणि खालच्या कप्प्यात कसर निघाली. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवला, आठवड्यातून एकदा दारं उघडी टाकायला लागले, तेव्हा आटोक्यात आली.

यापुढे जाड खंड विकत घेणार नाही. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आपल्या गावात आहे, आधी तिथून आणायचं. दुसऱ्यांदा आणावंसं वाटलं, तरच विकत.