पिकअपचा हायड्रॉलिक क्लच आणि निपलवरची टोपी : तीन वर्षांच्या वापरानंतर

इंजिन, मायलेज, लोड घेण्याची ताकद यावर सगळीकडे भरपूर लिहून झालंय, मला त्यात काही भर घालायची नाही, इंजिन दमदार आहे आणि भरलेल्या गाडीला मायलेज बरं मिळतं, विषय संपला. मला लिहायचंय ते क्लचबद्दल, आणि त्यातही क्लच दुरुस्त करून घेताना जो मनस्ताप झाला त्याबद्दल. इंदुरात ही गाडी गल्लोगल्ली दिसते, दोन-तीन पावसाळे खाल्ले की बऱ्याच जणांवर ही पाळी येणार आहे.

आमचा वापर आधी सांगतो. इंदूरच्या सियागंज बाजारातून तेलाचे डबे, साखर, रवा-मैदा भरायचा आणि खंडवा रोडने बडवाह, सनावदच्या दुकानांना पोचवायचा. म्हणजे सिमरोल, भेरूघाट आणि मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल. श्रावणात ओंकारेश्वरची गर्दी असली की त्या पट्ट्यात गाडी चालत नाही, सरकते, आणि पाय सारखा क्लचवर. आधीची पिकअप केबलवाली होती, म्हणजे पेडल तारेने क्लच ओढायचं, संध्याकाळी गाडी चालवणाऱ्या दादाचा गुडघा दुखायचा. ही हायड्रॉलिक, म्हणजे पेडलचा जोर ऑइलच्या दाबाने क्लचपर्यंत जातो, घेतली तेव्हा पहिल्या दिवसापासून पेडल लोण्यासारखं, दादा जाम खूश.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर सकाळी गाडी थंड असताना रिव्हर्स टाकला की कर्र आवाज यायला लागला. दोन-तीनदा पेडल मारलं की नीट पडायचा. सर्व्हिस सेंटरला सांगितलं तर त्यांनी क्लचच्या डबीत ऑइल (यात ब्रेक ऑइलच असतं) टॉपअप केलं आणि जॉबकार्डवर ‘ओके’ लिहून गाडी परत दिली. आता मला सांगा, ही बंद सिस्टीम आहे, त्यातलं ऑइल जळत नाही. ब्रेकच्या डबीची लेव्हल पॅड झिजल्यावर थोडी उतरते ते समजू शकतो, पण क्लचचं ऑइल कमी झालं म्हणजे ते कुठूनतरी गळतंयच. कुठून, एवढं एका माणसाने गाडीखाली वाकून बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पेडलजवळचा वरचा मास्टर सिलिंडर, जो ऑइल दाबतो, गळत असेल तर केबिनमध्ये पेडलच्या दांडीवरून ऑइल खाली मॅटवर येतं. आमचं मॅट कोरडं होतं. म्हणजे त्या दाबाने क्लच हलवणारा, गिअरबॉक्सजवळचा खालचा स्लेव्ह सिलिंडर, दुसरं काय?

मग व्हायचं तेच झालं. भेरूघाटात भरलेली गाडी, पुढे ट्रकची रांग आणि पेडल जे खाली गेलं ते वर आलंच नाही. दादाने पायाच्या पंजाने ओढून ते वर घेतलं, पंपिंग करत करत कसाबसा गिअर पाडला आणि गाडी कडेला लावली. गर्दी ओसरल्यावर इंजिन बंद करून पहिला गिअर टाकला, गिअरमध्येच स्टार्टर मारून गाडी उचलली आणि क्लचशिवाय सिमरोलपर्यंत आणली. दादाचा हात चांगला म्हणून जमलं, नव्या ड्रायव्हरचं काय झालं असतं त्याचा विचारही नको.

सिमरोलहून पालद्यातल्या एका मेकॅनिककडे गेलो, जवळचा म्हणून. तो म्हणाला किट टाकून देतो. किट म्हणजे आतले रबर, दोनशे-अडीचशेचा मामला. मला पटलं, स्वस्तात काम होत असेल तर कोणाला नको? सिलिंडर उघडला तर आत काळा चिखल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं हे बहुतेकांना माहीत असतं, पण त्याचा परिणाम असा समोर दिसला की अंगावर येतो. अॅल्युमिनियमच्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले होते, बोट फिरवलं की लागत होते. त्याने पॉलिश पेपर मारला आणि नवं रबर बसवलं. आता खड्डे असलेल्या बोअरमध्ये नवं रबर टिकणार किती? तेव्हा मला वाटत होतं चालेल काही महिने.

पण मुख्य माशी शिंकली ती निपलवर. हवा काढायला जे छोटं निपल असतं त्यावर एक रबरी टोपी येते. आमच्या गाडीत ती नव्हती. पहिल्या फ्री सर्व्हिसनंतर तिथे हात घातलेला फक्त सर्व्हिस सेंटरवाल्यांनी, बाहेर कोणीही नाही. टोपी नसली की निपलच्या भोकात चिखल भरतो, पाणी आत जातं आणि चुड्या (आटे) गंजून निपल जागेवर चिकटतं. मेकॅनिकने उघडा पाना लावला, कोपरे गोल झाले. मग पकडीने जोर दिला आणि निपल मुळातून तुटलं. हवा काढायचा रस्ताच बंद. एका टोपीपायी अख्खा सिलिंडर गेला, आणि ती टोपी कंपनी सुटी विकतच नाही! मी पार्ट्स काउंटरवर स्वतः विचारलं. उत्तर आलं, टोपी वेगळी येत नाही, सिलिंडर असेंब्ली घ्या. मला याचा राग आजही येतो. लाखांची गाडी विकता आणि चिमूटभर रबर देता येत नाही?

गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे सुरू झाली टोलवाटोलवी. आधी म्हणे क्लच वॉरंटीत येत नाही, वेअर अँड टेअर. मी म्हटलं, क्लच प्लेट झिजते हे मान्य, पण सिलिंडर म्हणजे प्लेट नाही, तो हायड्रॉलिकचा भाग आहे. मग म्हणे निपल बाहेरच्या माणसाने तोडलंय. ते बाहेर तोडलं गेलं कारण आत गंजलं होतं, आणि गंजलं कारण टोपी तुमच्याकडे गेली, पण हे ऐकून घ्यायला कोणी तयार नाही. वरून एस्टिमेट हातात दिलं १४ हजारांचं. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, गिअरबॉक्स उतरवणं, सगळंच. सल्लागार गाडीत बसला नाही, पेडलवर पाय ठेवला नाही, आणि एस्टिमेट तयार.

शेवटी ट्रान्सपोर्ट नगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, चढावर भरलेली गाडी घसरते का, म्हणजे इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी उचलत नाही असं होतं का? दादा म्हणाला अजिबात नाही, जळका वासही कधी आला नाही. मग ते गाडीखाली गेले, स्लेव्ह सिलिंडरचं धूळरबर बोटाने मागे सरकवलं आणि त्यातून काळं ऑइल ठिबकलं. ‘भाऊ, प्लेट को हाथ मत लगाओ, अभी बहुत चलेगी.’ पाच मिनिटांत निदान. मला तिथेच हायसं वाटलं.

नवा सिलिंडर छोट्या ग्वालटोलीतून आणला, १३५० रुपये, सोबत डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा. मिस्त्रींनी अर्धी वापरलेली बाटली घेतली नाही. त्यांचं म्हणणं, झाकण उघडलं की ऑइल पाणी ओढायला लागतं, पावसाळ्यात तर जास्तच. ते खरंच आहे, डॉट ४ कोरडं असताना निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी धरलं की तोच आकडा १५५ वर येऊ शकतो. पाइपच्या जोडावरचे तांब्याचे वॉशरही नवे टाकले, जुने दाबून बसवले नाहीत. फेंडरवर सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुतलं, नाहीतर रंग सोलून निघतो.

हवा काढण्यात मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला. नेहमीच्या पद्धतीने, दाबून धर, निपल खोल, बंद कर, मग पाय सोड, दादा पेडलवर आणि मिस्त्री खाली, अर्धा तास झाला तरी पेडल मऊच. ऑइल दबत नाही, हवा दबते, आणि स्लेव्हची दांडी हलतेच जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, म्हणून एवढासा बुडबुडा राहिला तरी गिअर अडतो. या गाडीत पाइप वर चढून मग खाली येतो, हवा त्या वळणात वर जाऊन बसते आणि पेडल तिला खाली ढकलू शकत नाही. मिस्त्रींनी मग मोठी सिरिंज घेतली, निपलला नळी लावून खालूनच ऑइल भरलं, हळूहळू. वरच्या डबीत बुडबुडे फुटताना मला डोळ्यांनी दिसले. हवेला वरच जायचं असतं, तिला तोच रस्ता दिला. त्यानंतर पेडल टणक. शेवटी इंजिन चालू, गिअरमध्ये, पेडल दाबून धरून थांबलो, गाडी जागची हलली नाही. म्हणजे वरचा मास्टरही ठीक, त्यालाही हात लावायची गरज नाही. मजुरीसकट सगळं मिळून २५०० च्या आत.

त्या काळात मी सगळ्यांना सांगत होतो की केबलवालीच घ्या, केबल तुटली तर रस्त्यात बदलता येते. आता तसं म्हणणार नाही. पुन्हा भेरूघाट, मोरटक्का, सगळं सुरू आहे, पेडल पहिल्यासारखं हलकं आहे आणि प्लेट झिजते तसा क्लच आपला आपण जुळवून घेतो, नट आवळत बसावं लागत नाही. किटबद्दलचंही मत बदललं. बोअर गुळगुळीत असेल तरच किट टाका, बोटाला खड्डे लागले तर सरळ नवा सिलिंडर.

टोपीचं सांगायचं राहिलं. ती शेवटी बाइकच्या डिस्क ब्रेकची मिळाली, दहा रुपयाला, फिट बसली, आत थोडं ग्रीस भरून लावलीय. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं हे आता जॉबकार्डवर लिहून घेतो, टॉपअप चालणार नाही हेही लिहून घेतो. नवी गाडी घेताय ते डिलिव्हरीच्या दिवशी खाली वाकून निपलवर टोपी आहे का बघा, प्रत्येक सर्व्हिसनंतर गेटच्या आतच पुन्हा बघा, आणि नसेल तर टोपी लागल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.