शून्यांची फाइल, चार ड्राइव्ह आणि हातातून गेलेला बॅकअप

तिसऱ्या ड्राइव्हमधली टेप अडली, थोडी मागे गेली, पुन्हा पुढे आली, पुन्हा तिथेच अडली. सूंऽऽ, खट. सूंऽऽ, खट. वीस मिनिटांनी वाचनाची त्रुटी दाखवून रीस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत काढण्याचं काम, बंद पडलं. उरलेल्या तीन ड्राइव्हमधल्या टेपा धडधाकट होत्या, पण एकाही टेपवरून एकही फाइल पूर्ण निघेना. मूळ डेटा ज्यावर होता तो डिस्कचा संच आदल्याच दिवशी बंद पडला होता. ९ टेराबाइटचं चित्रीकरण आणि स्कॅन, आणि त्याची ही एवढीच प्रत.

आमची फसवणूक झाली होती, आणि तीही एकदा नाही, दोनदा. पद्धत नीट सांगते, कारण हा सौदा करणारे अजून बाजारात आहेत.

आम्हाला एलटीओ-६चे (एलटीओ हा बॅकअपच्या टेपचा एक प्रकार, ६ ही त्याची पिढी) चार ड्राइव्ह असलेली टेप लायब्ररी, म्हणजे टेपा आपोआप बदलणारं यंत्र, विकायला एक पुरवठादार आला होता. त्याचं म्हणणं, चारही ड्राइव्हवर एकाच वेळी लिहायचं, म्हणजे पूर्ण बॅकअप दोन तासांच्या आत. एलटीओ-६ ड्राइव्हचा स्वतःचा वेग सेकंदाला १६० एमबी असतो. चार ड्राइव्ह म्हणजे ६४०. त्या हिशेबानेही ९ टेराबाइटला चार तासांच्या आसपास लागतात. हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, कागदावर नका जाऊ, डोळ्यांनी बघा." आणि त्याने प्रात्यक्षिक दाखवलं. स्क्रीनवर आकडा चढत चढत सेकंदाला १६०० एमबीच्या जवळ गेला. माझ्याशेजारी उभे असलेले साहेब खूश झाले. मीही गप्प बसले.

तो डेटा आमचा नव्हता. त्याने सोबत आणलेल्या सर्व्हरवर तयार केलेली एक अवाढव्य फाइल होती, आत नुसती शून्यं. टेप ड्राइव्ह लिहिण्याआधी डेटा स्वतःच दाबतो, म्हणजे कमी जागेत बसवतो, आणि शून्यं जवळपास नाहीशी होईपर्यंत दाबली जातात. एलटीओ-६च्या जाहिरातीत ६.२५ टेराबाइट आणि सेकंदाला ४०० एमबी हे आकडे असतात, ते डेटा अडीचपट दाबला जाईल असं धरून. टेपची खरी क्षमता २.५ टेराबाइट. आमचं चित्रीकरण आणि जेपीईजी आधीच दाबलेले, त्यांच्यात दाबायला काही उरलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट मला तेव्हाच कळायला हवी होती. आमचा डेटा बॅकअप सर्व्हरपर्यंत १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून यायचा. त्यातून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास येतात. एवढ्यात एक ड्राइव्हसुद्धा पूर्ण वेगाने चालत नाही, आणि आम्ही ते चौघांत वाटत होतो, प्रत्येकाला २७-२८. ड्राइव्ह आपला वेग कमी करू शकतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्याखाली डेटा आला की टेप थांबवायची, मागे घ्यायची, पुन्हा धावायला लावायची. बूटपॉलिशच्या ब्रशसारखी टेप हेडवर पुढे-मागे घासत राहते, म्हणून याला शू-शायनिंग म्हणतात. दोन तासांचं काम जवळजवळ पूर्ण दिवस चालायचं आणि तेवढा वेळ टेपा झिजत राहायच्या. एकच ड्राइव्ह वापरला असता तरी तेवढाच वेळ लागला असता, आणि टेप सरळ धावली असती.

शिवाय त्याच्या माणसाने सॉफ्टवेअर लावताना बॅकअप पट्ट्या-पट्ट्यांनी चारही टेपांवर पसरवला होता. एका फाइलचा पहिला तुकडा एका टेपवर, पुढचा दुसरीवर. तीन टेपांवर डेटा आणि चौथीवर पॅरिटी (हरवलेला तुकडा पुन्हा काढता येईल अशी हिशेबाची जादा माहिती) अशीही रचना करता येते, मग एक टेप गेली तरी निभावतं. आमच्याकडे पॅरिटी नव्हती. "सुरक्षित आहे, मॅडम" एवढंच उत्तर मला मिळालं होतं. याचा अर्थ चारपैकी कुठलीही एक गेली की सगळंच गेलं. चार ड्राइव्ह वापरायचेच तर चार वेगळी कामं चार टेपांवर लावा, प्रत्येक टेप एकटी वाचता आली पाहिजे.

आता टेपांबद्दल. यंत्रासोबत त्यानेच दिलेल्या, "नव्या कोऱ्या", प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. रीस्टोअर फसल्यावर मी त्याच खेपेतली एक न फोडलेली टेप काढली. बारकोडच्या खाचेत नखाने चाचपून पाहिलं तर जुन्या लेबलचा चिकट थर हाताला लागला. पोटात गोळाच आला.

एलटीओ कार्ट्रिजच्या आत एक छोटी चिप असते. टेप किती वेळा लावली, आयुष्यभरात तिच्यावर किती एमबी लिहिले, ती कधी बनली, हे तिच्यात असतं. शेवटच्या चार वेळी ती कुठल्या ड्राइव्हमध्ये गेली, त्यांचे सिरियल नंबरसुद्धा. लिनक्सवर एसजी-रीड-अॅटर नावाच्या आज्ञेने हे सगळं वाचता येतं. नव्या टेपेवर लोड एक दिसायला हवा होता. दिसले तीनशेच्या वर. चिपमधल्या चार नंबरांपैकी शेवटचा आमच्या ड्राइव्हचा, आधीचे तीन आम्ही कधी पाहिलेलेही नव्हते. बनल्याची तारीख आमच्या बिलाच्या पाच वर्षं आधीची.

पुरवठादाराला फोन केला तर म्हणाला, "रीसर्टिफाइड आहेत, म्हणजे तपासून पुन्हा विकलेल्या, नव्यासारख्याच." वापरलेली एलटीओ टेप पुन्हा नवी करता येत नाही. चुंबकाने पुसली तर कारखान्यात लिहिलेले सर्व्हो ट्रॅकही (हेडला टेपेवर जागा दाखवणाऱ्या खुणा) पुसले जातात आणि टेप कायमची निकामी होते. म्हणून हे लोक फक्त सुरुवातीला थोडं लिहून जुनं झाकतात. मागे कुणाचा तरी डेटा तसाच असतो. यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

खुणा होत्या. टेपा २.५ टेराबाइटच्या बऱ्याच आधी भरल्याचं दाखवायच्या. लिहिता लिहिताच ड्राइव्ह तपासतो आणि खराब जागी गेलेला डेटा पुढे पुन्हा लिहितो, त्यात जागा जाते. साफसफाईचा दिवा सारखा लागायचा. आणि रोज सकाळी अहवालात "यशस्वी" हा शब्द असायचा, तो वाचून मी पुढच्या कामाला लागायचे. तो शब्द लिहिण्याबद्दल होता, परत वाचण्याबद्दल नव्हता.

यंत्र घ्यायला निघाला असाल तर पैसे देण्याआधी तुमचाच डेटा, तुमच्याच नेटवर्कवरून, त्याच्या यंत्रावर लिहायला लावा. मग त्यातल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर परत काढून चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा, फाइल बदलली की तोही बदलतो) जुळवा. तो म्हणेल वेळ नाही, तर तिथेच उठा. टेपा वेगळ्या ठिकाणाहून घ्या आणि प्रत्येकीची चिप पहिल्याच दिवशी वाचून नोंद ठेवा. नेटवर्क हळू असेल तर आधी डेटा वेगवान डिस्कवर गोळा करा आणि तिथून टेपेवर सोडा. आम्ही आता असंच करतो, दोनच ड्राइव्ह चालवतो, आणि दर महिन्याला एक टेप काढून पूर्ण वाचतो.

जुन्या हार्ड डिस्क, लोकांचे लॅपटॉप, पाठवलेल्या प्रती, सगळं धुंडाळून बरंचसं जमलं. दोन महिन्यांचं चित्रीकरण मिळालं नाही. त्यात बोललेल्यांपैकी दोघे आता हयात नाहीत.