‘स्पीक’ की ‘एक्झिट, पर्स्यूड बाय अ बेअर’?

नववीतल्या मुलीसाठी या दोन इंग्रजी कादंबऱ्यांपैकी कोणती घ्यावी, असे एका मैत्रिणीने विचारले. दोन्हींचा विषय शाळकरी मुलीवरील बलात्कार हाच आहे. मुखपृष्ठावरची प्रशस्ती बाजूला ठेवून पाहिले, तर खरा फरक मैत्रीच्या चित्रणात आहे.

लॉरी हॉल्स अँडरसन यांच्या ‘स्पीक’मधली (1999) मेलिंडा पार्टीत बलात्कार झाल्यावर तिथूनच पोलिसांना फोन करते आणि त्यामागचे कारण ठाऊक नसलेल्या मैत्रिणी तिला वाळीत टाकतात. जिवलग मैत्रीण रेचेल बलात्कार करणाऱ्या त्याच मुलासोबत फिरू लागते, तेव्हा ग्रंथालयात बसून मेलिंडा तिला कागदावर सत्य लिहून दाखवते आणि रेचेल आधी तिच्यावरच चिडते. हा प्रसंग मला दोन्ही पुस्तकांत सर्वांत खरा वाटतो. ई. के. जॉन्स्टन यांच्या कॅनडात घडणाऱ्या कादंबरीत (2016) मात्र जिवलग मैत्रीण पॉली पहिल्यापासून बलात्कार झालेल्या हर्मायनीच्या पाठीशी उभी राहते. पालक, पोलीस, समुपदेशक असे सारेच समजूतदार निघतात, जे प्रत्यक्षात क्वचितच घडते.

‘स्पीक’चे तुकडे छोटे, विनोद बोचरा; जॉन्स्टन यांच्या कथेत गर्भपातही येतो, त्यामुळे ती अकरावी-बारावीत बरी.

एकटी पडलेल्या, मनातले बोलू न शकणाऱ्या मुलीला ‘स्पीक’ द्यावे. मैत्रिणीवर असा प्रसंग ओढवला असता नेमके कसे वागावे, हे जिला जाणून घ्यायचे आहे, तिने दुसरे वाचावे.