कॅलेंडर बघून मुलांचे सण शिकले, नऊ महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये सातवीचा वर्ग मिळाला. पटावर हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन, ख्रिश्चन सगळी मुलं, आणि मला माझ्या घरच्या सणांपलीकडे धड काही माहीत नाही. शिक्षकांसाठी सर्वधर्म ओळखीचा एक ऑनलाइन कोर्स होता पण फी अडीच हजार, ती खिशातून कोण घालणार, म्हणून पतपेढीने फुकट दिलेलं कॅलेंडर वर्गात लावलं आणि दर सोमवारी त्या आठवड्यातले सण वाचायला लागले.

सुरुवातीला जाम खूश होते. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे का येते ते कळलं, हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं आणि त्यात आपल्यासारखा अधिक महिना घालत नाहीत. शिक्षकांच्या ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं, कॅलेंडर लावाच.

ते आता अर्धं मागे घेते. कारण ती चौकट.

शब-ए-बारात, म्हणजे मुस्लिमांची जागून प्रार्थना करायची रात्र, शुक्रवारच्या चौकटीत छापलेली. मी म्हटलं जागरण शुक्रवारी रात्री असणार, मग शुक्रवारी सकाळी तोंडी परीक्षा घ्यायला काय हरकत आहे. एक मुलगा बाकावरच पेंगत होता, त्याला सगळ्यांसमोर उभं करून ओरडले. तो खाली बघत म्हणाला, "बाई, रात्री अब्बांबरोबर कब्रस्तानात गेलेलो, आजोबांच्या कबरीवर. मग नमाज." म्हणजे रात्र गुरुवारचीच होती! इस्लाममध्ये दिवस सूर्य मावळला की सुरू होतो, आपला पंचांगातला सूर्योदयापासून, आणि छापील चौकट रात्री बारापासून. ज्यूंचंही तसंच, शब्बाथ, म्हणजे त्यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळी लागतो. आमच्या रायगडात बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू तेल्यांना शनवार तेली म्हणायचे हे लहानपणापासून ऐकलेलं, पण त्यांचा शनिवार शुक्रवारीच सुरू होतो हे मला पन्नाशीला आल्यावर कळतंय.

आधी कॅलेंडरवरच चिडले होते, एक ओळ छापायला काय जातं यांचं. पण खरं तर चूक माझीच, आठ महिने नुसती नावं वाचत बसले, घरी काय करतात ते एकाही पोराला विचारलं नाही. त्याला वर्गासमोर सॉरी म्हटलं.

आता अशा सणांच्या आदल्या चौकटीत पेन्सिलने चंद्रकोर काढते. चौकटी फार बारीक आहेत, पुढच्या वर्षी पैसे देऊन मोठं कॅलेंडर घेणार. पहिला रोजा कुठे लिहू हे त्याच मुलाला विचारलं, तर म्हणाला, "बाई, आत्ताच नका लिहू, चंद्र दिसू दे."