पंचांना सामन्यागणिक मानधन की महिन्याचा पगार?

सोलापुरात एप्रिलमध्येच पारा ४० ओलांडतो. तशा उन्हात स्थानिक फुटबॉल सामन्याला पंच म्हणून शिट्टी फुंकून घरी आलो की मोजे अक्षरशः पिळावे लागतात. मानधनाचं पाकीट मात्र कधी महिन्याभराने हातात पडतं.

सामन्यागणिक मानधनाचा हिशेब सरळ आहे: सामना झाला, पैसे मिळाले. आयोजकांना परवडतं, हौशी स्पर्धांना ते ठीकही आहे. पण पोटरी धरली की कमाई बंद. सराव, प्रवास, बूट, सगळी पदरमोड.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये मला पगारच रास्त वाटतो. इंग्लंडमध्ये २००१ पासून प्रीमियर लीगच्या पंचांना ठरावीक वेतन मिळू लागलं, वर सामन्याचे पैसे वेगळे. मग नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात धावायची गरज नाही. पूर्णवेळ सराव होतो, आपलेच निर्णय व्हिडिओवर पुन्हापुन्हा तपासता येतात. पंच एका सामन्यात १० किलोमीटरच्या वर धावतो आणि त्याच्या एका पेनल्टीवर क्लबचे कोट्यवधी रुपये अडकलेले असतात. घर पुढच्या नेमणुकीवर चालत असेल, तर बड्या क्लबच्या खेळाडूला लाल कार्ड दाखवताना मनावर दडपण येणारच.

पगाराने सुस्ती येते, असं काहीजण म्हणतात. कामगिरी घसरली तर खालच्या श्रेणीत पाठवा की! दुखापतीतला पगार तेवढा कापू नका.