पेरोल सॉफ्टवेअर वर्षभर वापरल्यानंतर: दर अद्ययावत होतात, पण कोणत्या तारखेपासून?

आमच्या आस्थापनेचे पगारपत्रक एप्रिल २०२५ पासून एका ऑनलाइन पेरोल प्रणालीवर तयार होते; त्याआधी सगळा हिशेब एक्सेलमध्ये चालत असे. नव्या आर्थिक वर्षाचे दर आपोआप भरले जातात, असे विक्रेत्याने सांगितले होते आणि ते खरे आहे. मात्र वेतनाचे नियम फक्त १ एप्रिललाच बदलतात असे थोडेच आहे? महाराष्ट्रात किमान वेतनावरील (महागाईनुसार ठरणारा) विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, कामगार कल्याण निधीची वर्गणी जून आणि डिसेंबरच्या पगारातून जाते, आणि २०२४ मध्ये नव्या करप्रणालीतील स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी ठोक वजावट) ५०,००० वरून ७५,००० रुपये करण्याची घोषणा जुलैच्या अर्थसंकल्पात झाली असली, तरी ती लागू झाली संपूर्ण आर्थिक वर्षाला. त्यामुळे नवा दर प्रणालीला ठाऊक आहे की नाही यापेक्षा तो कोणत्या तारखेपासून, कोणाला आणि किती काळ लावायचा हे तिला कळते का, हे मी अधिक बारकाईने पाहिले.

आयकराच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. प्रणाली घेण्यापूर्वी करपात्र उत्पन्न १२,१०,००० रुपये असलेला एक काल्पनिक कर्मचारी भरून पाहावा, असे मी सुचवीन. २०२५-२६ च्या नव्या टप्प्यांनुसार त्याचा कर ६१,५०० रुपये निघतो, पण सीमांत सवलतीमुळे (१२ लाखांच्या वर जितके उत्पन्न, त्याहून कर जास्त नको म्हणून मिळणारी सूट) तो १०,००० रुपयांवर येतो आणि ४ टक्के उपकर धरून १०,४०० होतो. आमच्या प्रणालीने हा आकडा बरोबर दिला. चाचणीसाठी पाहिलेल्या दुसऱ्या एका प्रणालीने सवलत धरलीच नव्हती.

ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या कपातीत, तिची खरी उपयुक्तता दिसली. वेतनाची मर्यादा २१,००० रुपये आहे, पण एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा अंशदान कालावधीच्या मध्येच कोणाचे वेतन मर्यादेपलीकडे गेले, तरी कालावधी संपेपर्यंत कपात चालूच ठेवावी लागते. जुलैमध्ये एका सहकाऱ्याचे वेतन २२,००० रुपये झाले, तेव्हा प्रणालीने सप्टेंबरपर्यंत दरमहा त्याचे १६५ आणि आस्थापना म्हणून आमचे ७१५ रुपये धरले आणि ऑक्टोबरपासून कपात आपोआप थांबवली. पेस्लिपवर त्याचे कारण एका ओळीत छापलेले असल्यामुळे 'मर्यादा ओलांडली, मग पैसे का कापले?' हा नेहमीचा प्रश्न या वेळी आमच्या टेबलापर्यंत आलाच नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि गाडी अडली. वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता यांसारख्या वगळलेल्या बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर वरची रक्कम वेतनात मिळवावी लागते. एकूण मोबदला ३०,००० आणि मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,००० असेल, तर उरलेल्या १८,००० मधील ३,००० वेतनात येऊन वेतन १५,००० होते. ग्रॅच्युइटीच्या हिशेबात सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ६,९२३ ऐवजी ८,६५४ रुपये धरावे लागतात. प्रणालीत हे सूत्र लवकर आले, पण आम्ही स्वतः तयार केलेले सगळे भत्ते तिने सरसकट 'वगळलेले' या गटात टाकले. मग प्रत्येक भत्ता कोणत्या गटात बसतो हे आमच्या सीएसोबत बसून ठरवावे लागले. ते काम सॉफ्टवेअरने करावे अशी माझी अपेक्षाही नाही, कारण 'विशेष भत्ता' या नावाखाली प्रत्येक आस्थापना वेगळेच काही देत असते. परंतु वर्गीकरण गृहीत धरले आहे अशी ठळक सूचना तरी पडद्यावर यायला हवी होती. शिवाय असे वर्गीकरण कोणी आणि केव्हा बदलले याची नोंद प्रणाली ठेवत नाही. तपासणीच्या वेळी हीच नोंद मागितली जाते, म्हणून आम्ही ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो.

मागील तारखेपासून भत्ता वाढला, तर प्रणाली जुन्या पेस्लिपना हात लावत नाही. महिनावार फरक काढून चालू महिन्यात थकबाकी म्हणून दाखवते, आणि हे मला फार पटले. व्यवसाय कराचे फेब्रुवारीतील ३०० रुपये, ७ तारखेचा टीडीएस, १५ तारखेचे पीएफ चलन, ही नित्याची कामे ती बिनबोभाट सांभाळते. मदत कक्ष मात्र मार्च-एप्रिलमध्ये फारच संथ होतो, नेमका जेव्हा त्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होत असल्यामुळे आम्ही याच प्रणालीच्या वर्गणीचे नूतनीकरण केले आहे, कारण ऐन संक्रमणात प्रणाली बदलणे अधिक जोखमीचे ठरले असते. एप्रिलचे पगारपत्रक मात्र जुन्या एक्सेलमध्येही समांतर काढून दोन्ही आकडे ताडून पाहण्याचे ठरवले आहे.